नऊशे ऐंशी कोटी लेबलं

स्क्रीनवर लाल चौकट आली होती. एवढ्या प्रती छापणं मला जमणार नाही, असं मशीन सांगत होतं. मागितलेल्या प्रती होत्या नऊशे ऐंशी कोटींच्या वर. प्रत्यक्षात ऑर्डर होती दोन हजार लेबलांची, शेवेच्या पाकिटांवर लावायची.

"काका, देशातल्या प्रत्येक माणसाला सात-सात लेबलं येतील," नितीनशेठ म्हणाले. "व्हायरस आहे ना?"

माझ्या धंद्यात गिऱ्हाईकाला कारण समजलं नाही की ते व्हायरस म्हणतं. मी डोंबिवलीला राहतो, आणि तीस-बत्तीस वर्षं ठाण्यापासून कल्याणपर्यंतच्या छोट्या ऑफिसांमधले कॉम्प्युटर सांभाळतोय. या काळात खरा व्हायरस मोजून काही वेळा भेटला. बाकीच्या वेळी सैल झालेली वायर, उंदीर, किंवा माणूस. पण त्या दिवशी जे सापडलं, ते या तिन्हींत बसत नव्हतं.

नितीनशेठचा लेबल छापायचा कारखाना वागळे इस्टेटमध्ये, पहिल्या मजल्यावरच्या गाळ्यात. तो त्यांच्या वडिलांनी सुरू केलेला. दोन महिन्यांपूर्वी त्यांनी नवीन मशीन घेतलं होतं आणि त्या मशीनबरोबर त्याचा स्वतःचा कॉम्प्युटर आला होता. म्हणजे टायपिंगच्या टेबलावर आता दोन कॉम्प्युटर झाले. एकावर लेबल टाईप करायचं, दुसऱ्यावर ते किती छापायचं ते सांगायचं. टेबल मात्र जुनंच, शाळेच्या बाकापेक्षा थोडं मोठं. दोन मॉनिटर, दोन किबोर्ड आणि दोन माऊस ठेवल्यावर चहाचा कप ठेवायला जागा उरेना.

"काका, काहीतरी करा," असं तेव्हा शेठ म्हणाले, आणि मी मोठ्या ऐटीत एक केव्हीएम स्विच आणून बसवला.

हा स्विच म्हणजे पानाच्या डब्याएवढा डबा. दोन्ही कॉम्प्युटर त्याला मागून जोडायचे आणि पुढे एकच मॉनिटर, एकच किबोर्ड, एकच माऊस ठेवायचा. बटण दाबलं की पडद्यावर पहिला कॉम्प्युटर, पुन्हा दाबलं की दुसरा. कॉम्प्युटर दोन्ही चालूच राहतात. तुम्ही फक्त कोणाशी बोलताय ते बदलतं. टेबल मोकळं झालं, सगळ्यांनी माझं कौतुक केलं, आणि मीही ते करून घेतलं.

त्या टेबलावर बसायच्या संगीताताई. राहायला कल्याणला. वय पन्नाशीचं, कामाला त्या गाळ्यात चोवीस वर्षं. टेबलाच्या काचेखाली बाबासाहेबांचा एक फोटो, बाजूला मुलीच्या पदवीदानाचा, आणि काचेवर कधीही धूळ नाही. मराठी टायपिंगमध्ये त्यांच्याएवढा वेग मी दुसऱ्या कोणाचा बघितलेला नाही. नितीनशेठच्या लग्नाची पत्रिकासुद्धा त्यांनीच टाईप केलेली.

आणि त्याच संगीताताईंना शेठने आदल्या दिवशी सांगितलं होतं की सोमवारपासून तुम्ही पॅकिंगच्या टेबलावर बसा.

झालं होतं असं. दिवाळी जवळ आली तशा फराळाच्या ऑर्डरी सुरू झाल्या. डोंबिवलीच्या भावेकाकू घरगुती फराळ करून दुकानांना पुरवतात. त्यांच्या चकलीच्या लेबलावरून वजनाची ओळच गायब झाली. नाव आहे, साहित्य आहे, पत्ता आहे, पण 'निव्वळ वजन २५० ग्रॅम' नाही. वजन छापलेलं नसेल तर दुकानदार पाकीट हातात घेत नाही. वर दोन हजारांऐवजी लेबलं छापली गेली जेमतेम अडीचशे. चार दिवसांनी चिवड्याचं तेच. पुन्हा वजन गायब, पुन्हा लेबलं कमी. प्रूफ व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेलं आणि भावेकाकूंनी त्यावर ठीक आहे म्हणून अंगठ्याचं चिन्हही पाठवलेलं. पण अंगठा पाठवणारा माणूस वाचतोच असं नाही. आणि आता हे नऊशे ऐंशी कोटींचं प्रकरण.

"वय झालं त्यांचं," शेठ केबिनमध्ये मला हळूच म्हणाले. "मी काही वाईट बोलत नाही काका. पगार तोच ठेवणार आहे. पण परवा आणि काल मी पंकजला बसवलेला त्या जागेवर. एक चूक नाही. मग मशीन कसं बिघडलेलं असेल?"

पंकज म्हणजे त्यांचा डिझाइन करणारा, दिव्याहून येणारा तिशीतला माणूस. मुद्दा बिनतोड होता. त्याच कॉम्प्युटरवर, त्याच किबोर्डवर एकाच्या हातून चूक होत नाही आणि दुसऱ्याच्या हातून होते, तर दोष हाताचाच.

"आज ताईंना परत का बसवलं?"

"पंकजला एक लेबल करायला अर्धा तास लागतो. शेवेची ऑर्डर आज द्यायचीय. म्हटलं, शेवटचं एक. तर हे."

मी बाहेर येऊन त्या आकड्याकडे बघत बसलो. संगीताताई शेजारी हात मांडीवर ठेवून बसल्या होत्या.

"दादा, एक सांगू?" त्या हळू आवाजात म्हणाल्या. "पॅकिंगला बसायची मला लाज नाही. तिथल्या सगळ्या माझ्या मैत्रिणीच आहेत. पण शेठ त्या सगळ्यांसमोर बोलले, ताईंचे हात गेले म्हणून. हात गेले म्हणून नको हो तिथे."

मला फार वाईट वाटलं. मी वायरींशी बोलण्यात हुशार आहे, माणसांशी नाही. म्हणून मी पुन्हा आकड्याकडे वळलो आणि त्यातले आकडे मोजले. दहा होते. सुरुवात अठ्ठ्याण्णवने.

मी खिशातून मोबाईल काढला आणि तो नंबर लावला.

"बोला, फराळ का? चकली संपलीये, शेव मिळेल," पलीकडून भावेकाकूंचा आवाज आला.

चुकून लागला म्हणून ठेवून दिला. पण माझ्या डोक्यात लखकन प्रकाश पडला. शेवेच्या लेबलावर सगळ्यात खाली त्यांच्या फोनची ओळ असते. मी लेबल बघितलं. ओळ नव्हती. टायपिंगच्या कॉम्प्युटरवर जायचा फोन नंबर मशीनच्या कॉम्प्युटरवर, प्रतींच्या चौकटीत जाऊन बसला होता. ती चौकट फक्त आकडे घेते, अक्षरं टाकून देते, आणि ताईंनी आधी भरून ठेवलेल्या दोन हजारांच्या जागी नवा आकडा बसतो. मग मी चकलीचं लेबल मागवलं. गायब वजन अडीचशे ग्रॅम, छापलेली लेबलं अडीचशे. चिवड्याचं वजन पाचशे, लेबलं पाचशे. हरवलेले सगळे ग्रॅम मशीनमध्ये सापडले.

मी आनंदाने केबिनमध्ये गेलो आणि शेठना हे सांगितलं. तिथे माझी घाई नडली.

"म्हणजे ताई न बघता भलत्याच कॉम्प्युटरवर टाईप करतात," शेठ म्हणाले. "मी तेच तर म्हणतोय काका."

मदत करायला गेलो आणि त्यांची केस आणखी पक्की करून आलो.

परत टेबलाशी आलो तेव्हा ताईंनी माझ्या तोंडाकडे बघूनच ओळखलं. "दादा, मी बटण दाबलेलंच नाही," त्या म्हणाल्या. "त्या डब्याचं बटण पार कोपऱ्यात आहे. मशीनकडे जायचं असलं की मी उठून दाबते. टाईप करताना कशी दाबेन?"

हे खरं होतं. डबा मी स्वतःच तिथे कोपऱ्यात ठेवला होता, जागा वाचावी म्हणून. मग बटण न दाबता डबा बदलला कसा?

मी खुर्चीत बसलो आणि स्वतः टाईप करून बघितलं. सगळं ठीक. वायरी काढून परत लावल्या. ठीक. पंकजला बोलावून शेवेचं लेबल टाईप करायला लावलं. दोन बोटांनी, दर अक्षराला स्क्रीनकडे बघत, त्याने ते वीस मिनिटांत बिनचूक केलं. मग ताईंना बसवलं. मी बाजूला, पंकज मागे, शेठ केबिनच्या दारात. ताईंनी एक-एक बटण जपून दाबत सगळं टाईप केलं. त्यातही चूक नाही. शेठने माझ्याकडे बघून खांदे उडवले आणि ते आत गेले. जपून केलं की चूक होत नाही, घाईत केलं की होते. म्हणजे निष्काळजीपणाच, असं त्यांच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं.

मी पंकजलाही चहाला पाठवून दिलं.

"ताई, टायपिंग कुठे शिकलात?"

"कल्याणला, स्टेशनजवळ क्लास होता. आमच्या बाई हातांवर रुमाल टाकायच्या. नजर कायम कागदावर. मान वर केली की मार्क गेले."

"मग आत्ता स्क्रीनकडे का बघत होतात?"

"तुम्ही सगळे बघत होतात ना, म्हणून."

"आता मी तुमच्या मागे उभा राहतो. मी इथे नाहीच असं समजा. क्लासमधली परीक्षा आहे आणि वेळ संपत आलीय. होऊ द्या."

त्यांनी हाताने लिहिलेला कागद डावीकडे टेकवला, मान तिकडे वळवली आणि सुरुवात केली. त्यांचा वेग बघायला खरोखर मजा येते. पत्र्यावर पाऊस पडावा तसा आवाज. मी त्यांच्या हातांकडे न बघता स्क्रीनकडे बघत राहिलो. नाव आलं, साहित्य आलं, पत्ता आला. मग स्क्रीन क्षणभर काळा झाला आणि मशीनचा कॉम्प्युटर समोर आला. ताईंची नजर कागदावरच. प्रतींच्या चौकटीत भराभर आकडे पडले. मग पुन्हा काळोख, आणि पुन्हा टायपिंगचा कॉम्प्युटर. ताईंनी शेवटची ओळ पूर्ण करून मान वर केली, तेव्हा स्क्रीनवर लेबल होतं, शांतपणे, जणू काही झालंच नाही. फक्त मधली एक ओळ नव्हती.

"झालं," त्या म्हणाल्या. "आलं ना नीट?"

"ताई, आकड्यांच्या ओळीआधी तुम्ही काहीतरी टक-टक दोनदा दाबलंत. काय ते?"

"कधी?"

"आत्ता. आणि ती ओळ संपल्यावर पुन्हा."

त्यांना खरंच आठवेना. चोवीस वर्षांची सवय बोटांत असते, तिथे डोक्याला कोणी विचारत नाही. त्यांनी डोळे मिटले, हवेत बोटं हलवून बघितली आणि हसल्या. "अहो, स्क्रोल लॉक! ते दाबायचंच असतं."

स्क्रोल लॉक हे किबोर्डच्या वरच्या कोपऱ्यातलं बटण. आज जगात बहुतेक लोकांना त्याचा काही उपयोग माहीत नाही. पण आपल्याकडच्या जुन्या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये इंग्रजीतून मराठीत यायला तेच बटण दाबतात. ताईंचं सॉफ्टवेअर म्हातारं होतं. आकडे आले की कधीकधी ते आपोआप इंग्रजीत घसरायचं. म्हणून आकडे असलेल्या ओळीच्या आधी आणि नंतर ते बटण दोनदा दाबायचं, बंद आणि चालू, म्हणजे ते पुन्हा मराठीत नीट बसतं. कोणी शिकवलं नव्हतं. वर्षानुवर्षं काम करून त्यांनीच शोधलेली युक्ती.

आणि माझ्या डब्याच्या माहितीपत्रकात, मी कधी उघडून न बघितलेल्या पानावर, असं लिहिलेलं होतं की स्क्रोल लॉक पटकन दोनदा दाबलं तर स्विच दुसऱ्या कॉम्प्युटरवर जातो. कोपऱ्यातल्या बटणापर्यंत हात न्यायला नको, अशी ती सोय. पटकन म्हणजे अर्ध्या सेकंदाच्या आत. पंकज आणि मी ते दोनदा दाबतच नव्हतो. ताई जपून दाबायच्या तेव्हा काही व्हायचं नाही, पण त्या रंगात आल्या की डबा तिकडे जायचा आणि ओळ संपल्यावरच्या टकटकीने परत यायचा. फराळाच्या ऑर्डरी येईपर्यंत सगळी लेबलं इंग्रजीत होती, औषधांची आणि नटबोल्टांची, म्हणून तोवर कोणाला काही कळलं नाही.

म्हणजे हात गेलेले नव्हते. त्या गाळ्यात ही चूक करण्याइतके चांगले हात फक्त त्यांचेच होते.

यात आणखी एक गोष्ट होती आणि ती मला आता आठवली. हा डबा बदलताना बीप वाजवतो. मी बसवला त्या दिवशी तो वाजायचा. शेठ म्हणाले, काका, ही टिवटिव बंद करा, डोकं उठतं. मी लगेच बंद करून दिली. ती चालू असती तर ताईंनी पहिल्याच दिवशी मान वर केली असती.

खोटं कशाला सांगू, मोह झाला. त्या डब्यातली ही सोय बंद करायला एक मिनिट लागतं. ते केलं असतं, सॉफ्टवेअर अपडेट केलंय आता बघा म्हटलं असतं, तर चूक थांबली असती आणि माझं कौतुकही शाबूत राहिलं असतं. ताईंच्या नावावरचा डाग मात्र तसाच राहिला असता. ताई पाण्याच्या बाटलीचं झाकण लावत होत्या. मी केबिनमध्ये गेलो.

"नितीनशेठ, चूक सापडली. माझी आहे."

"तुमची? तुम्ही तर इथे नव्हतात."

"मी नव्हतो, माझा डबा होता." मी सगळं सांगितलं. बसवताना मी चार इंग्रजी अक्षरं टाईप करून बघितली आणि चहा पिऊन निघालो, हेही सांगितलं.

शेठ उठून बाहेर आले. ताईंच्या खुर्चीत बसून त्यांनी स्क्रोल लॉक दोनदा दाबलं. काही झालं नाही. पुन्हा दाबलं. पाचव्यांदा जमलं, आणि मशीनचा कॉम्प्युटर समोर आला तसे ते दचकले.

"पण मग हे बदलताना काही आवाज का नाही येत?" त्यांनी विचारलं.

मी नुसतं त्यांच्याकडे बघितलं.

"मीच सांगितलेलं," ते म्हणाले.

"मीच बंद केलेलं," मी म्हणालो. निम्मं-निम्मं वाटून घेतलं.

ते ताईंकडे वळले. "ताई, सोमवारी पॅकिंगला नका जाऊ. इथेच बसा. सॉरी."

मला वाटलं, झालं. पण ताईंचं झालं नव्हतं. शांतपणे म्हणाल्या, "शेठ, तुम्ही पहिलं बोललात ते इथे नाही बोललात. तिकडे बोललात, चहाच्या वेळी."

त्यांचा आवाज चढला नव्हता, पण शेठचे कान लाल झाले. ज्या बाईने आपल्या लग्नाची पत्रिका केली तिच्यापुढे माणूस कितीही मोठा झाला तरी थोडा लहानच राहतो. चार वाजता चहा आला तेव्हा ते पॅकिंगच्या टेबलापाशी गेले. सात-आठ बायका होत्या तिथे. ताई आणि मी दारात उभे.

"ऐका जरा," शेठ म्हणाले. "ताईंच्या हातांना काही झालेलं नाही. प्रॉब्लेम त्या डब्यात होता. मी उगाच बोललो, सगळ्यांसमोर. ते चुकलं माझं."

मग त्यांच्यातली एक जण म्हणाली, "म्हणजे ताई येणार नाहीत आमच्यात? अगं, आम्ही खुर्ची पुसून ठेवलेली!"

सगळ्या हसल्या. ताईही हसल्या आणि मग पदराने डोळे पुसले. मीही पटकन डोळे टिपले. मी चहा गरम आहे असं म्हणालो.

पुढचं काम पंधरा मिनिटांचं. स्क्रोल लॉकवाली सोय बंद केली. बीप चालू केला. डबा कोपऱ्यातून काढून ताईंच्या डाव्या हाताशी ठेवला, आणि मशीनच्या कॉम्प्युटरच्या स्क्रीनची पार्श्वभूमी भडक पिवळी केली, म्हणजे डोळ्यांच्या कोपऱ्यातूनही कळेल. ताईंनी पर्समधून लाल टिकलीचं पाकीट काढलं आणि एक टिकली डब्याच्या बटणावर चिकटवली. त्या दिवशी संध्याकाळी निघण्याआधी शेवेची दोन हजार लेबलं छापून झाली, वजनासकट आणि फोन नंबरसकट.

बीप आता दिवसातून पन्नास वेळा वाजतो. शेठ काही म्हणत नाहीत. भावेकाकूंचा नंबर माझ्या मोबाईलमध्ये राहिला तो राहिलाच. दरवर्षी मी त्यांच्याकडून चकली आणतो आणि लेबल वाचल्याशिवाय पाकीट फोडत नाही.

नवीन वस्तू बसवली की आम्ही लोक ती आपल्या हाताने चालवून बघतो, चालली म्हणतो आणि बॅग उचलतो. ती चालवायची असते दुसऱ्याला, त्याच्या सवयीने आणि त्याच्या वेगाने, हे समजायला मला तीस वर्षं आणि नऊशे ऐंशी कोटी लेबलं लागली. आता कुठेही काही बसवलं की मी आधी खुर्ची रिकामी करतो. म्हणतो, "बसा. रोज करता तसं करा, आणि माझ्याकडे बघू नका."